कोरडे महिने मोजताना

सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात पाऊस किती पडतो, हे सगळे विचारतात. तो किती महिने पडत नाही, हे क्वचित कुणी विचारतं. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. कर्नाटकातलं आगुंबेही त्याच पंगतीतलं. आकडा ऐकून छाती दडपते आणि वाटतं, हे रान बारा महिने निथळत असणार. प्रत्यक्षात आंबोलीचा जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून जातो. ऑक्टोबरात चार सरी रेंगाळतात आणि मग थेट वळवापर्यंत झाडं मातीत मुरलेल्या ओलाव्यावर दिवस काढतात. तिथून सुमारे आठशे किलोमीटर दक्षिणेला, केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलैच्या डोंगरात, नैऋत्येचा पाऊस सरतो न सरतो तोच ईशान्येचा सुरू होतो. तिथल्या झाडांना तहान कशी ती दोन-तीन महिनेच कळते.

हा फरक मोजायची एक साधी रीत आहे. एखाद्या महिन्यात पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि त्या महिन्याचं सरासरी तापमान सेल्सिअसमध्ये. पाऊस तापमानाच्या दुपटीहून कमी भरला, तर तो महिना कोरडा. पंचवीस अंश तापमानाच्या महिन्यात पन्नास मिलिमीटरही पाऊस झाला नाही, तर झाडाच्या दृष्टीने तो महिना उपासाचा. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ झां-पिएर पास्काल यांनी पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधून पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलांचा अभ्यास केला आणि 1988 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात कोरड्या महिन्यांचा हा हिशेब फार मोलाचा ठरला. दक्षिण टोकाला दोन-तीन कोरडे महिने, आणि उत्तरेकडे सरकत महाराष्ट्रात यावं तसे ते वाढत वाढत सात-आठ. महाबळेश्वर-भीमाशंकरकडचं जंगल बुटकं आणि अंजनी, जांभूळ, पिसा अशा मोजक्या झाडांचं का, आणि केरळातल्या जंगलात चाळीस मीटरची झाडं एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी का उभी, याचं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे. पावसाचा एकूण आकडा उत्तरेतही भरभक्कमच आहे. कमी पडते ती त्याची वर्षभराची वाटणी.

पदभ्रमणासाठी वर्षावनात कधी जावं, या प्रश्नाचं उत्तरही मी याच हिशेबापासून सुरू करते. पर्यटनाच्या पत्रकांत 'ऑक्टोबर ते फेब्रुवारी' असं ठरीव उत्तर छापलेलं असतं. त्यात आपल्या सोयीचा विचार आहे: वाट निसरडी नसते, जळवा कमी, आभाळ मोकळं. जंगल त्या काळात काय करत असतं, हे त्यातून कळत नाही. माझं सांगणं असं, की आधी काय पाहायचंय ते ठरवावं, मग डोंगररांगेचा कुठला भाग ते ठरवावं, आणि महिना सगळ्यात शेवटी निवडावा. जगातल्या इतर वर्षावनांनाही हेच लागू आहे. ब्राझीलमध्ये मानाऊसजवळ रिओ नेग्रोचं पाणी वर्षभरात सुमारे दहा मीटरने चढतं-उतरतं. जूनच्या सुमाराला तिथे झाडांच्या शेंड्यांमधून होडीने फिरायचं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच जागी पायी चालायचं. बोर्निओत तर महिन्याला फारसा अर्थच उरत नाही. तिथली उंच डिप्टेरोकार्प झाडं कैक वर्षं थांबतात आणि मग एखाद्या वर्षी, बहुधा एल निनोच्या काळात, सगळी मिळून फुलतात. आपला सह्याद्री त्या मानाने शिस्तीचा. त्याचं वेळापत्रक वाचता येतं.

बहुतेकांनी बाद केलेल्या काळापासून सुरुवात करू: फेब्रुवारी ते एप्रिल. ऊन तापलंय, ओढे आटलेत, आता जंगलात काय असणार, असं म्हणून लोक घरी बसतात. सदाहरित जंगलाचा हा सर्वांत गजबजलेला काळ आहे. पावसाळ्यात ढगांमुळे पानांना पुरेसा उजेड मिळत नाही. उन्हाळ्यात उजेड मुबलक असतो आणि खोल मातीत ओल शिल्लक असते, म्हणून अनेक झाडं नवी पालवी याच दिवसांत काढतात. नागकेशराची कोवळी पानं तर अशी लालबुंद असतात की दुरून झाड फुललंय असंच वाटावं. फुलांचा बहरही याच दिवसांत येतो, कारण मधमाश्यांना भर पावसात उडता येत नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावर अंजनीच्या फांद्या जांभळ्या-निळ्या फुलांनी मढलेल्या पाहायच्या तर उन्हाळाच हवा. फळं पिकण्याची वेळही झाडांनी साधलेली असते. वर्षावनातल्या कित्येक झाडांचं बी कोरडं झालं की मरतं, ते फार दिवस टिकत नाही. त्यामुळे ते पावसाच्या तोंडावर जमिनीवर पडलेलं बरं.

याच महिन्यांत धनेशाची वीण चालते. महाधनेशाची मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा, माती यांनी ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, अंडं उबतं, पिल्लू वाढतं आणि या सगळ्या काळात नर उंबर, वड, नांद्रुक यांची फळं आणून त्या फटीतून भरवतो. डिसेंबर-जानेवारीत सुरू झालेला हा संसार एप्रिल-मेपर्यंत, म्हणजे पाऊस यायच्या आत उरकतो. फळं देणारी बाकीची झाडं ऋतू पाळतात. वडा-उंबरांच्या कुळातली झाडं मात्र एकाच वेळी फळत नाहीत, म्हणून जंगलात कुठे ना कुठे एखादं झाड लगडलेलं सापडतं. नर अशा झाडांच्या शोधात मैलोगणती उडतो. केरळातल्या वाझाचलच्या जंगलात काडर आदिवासी पूर्वी ढोलीतून पिल्लं काढत असत, आज त्यांच्यातलेच लोक त्या घरट्यांची राखण करतात. आपल्याकडे कोकणात ज्याला ककणेर म्हणतात तो मलबारी कवड्या धनेश तिळारीच्या खोऱ्यात आणि सीमेपलीकडे दांडेलीत दिसतो. तो पाहायला मार्चमध्ये जरूर जावं, पण घरट्यापासून लांब राहावं. झाडाखाली माणसं उभी असली की नर फळं घेऊन यायला कचरतो आणि उपाशी राहतं ते आतलं पिल्लू. हातातल्या कॅमेऱ्याचं भिंग कितीही लांबचं असो, बुंध्याशी जाऊन उभं राहण्याची चाल मला अक्षम्य वाटते.

दक्षिणेत याच दिवसांत कुल्लेनिया फुलतो. थेट फांद्यांवर गुच्छांनी येणारी मातकट पिवळी, मांसल फुलं. त्या वेळी जंगलात पिकलेली फळं कमी असतात, म्हणून सिंहपुच्छ माकडं, निलगिरी वानर, खारी, उदमांजरं आणि वटवाघळं असे सगळे या एका झाडावर येतात. पालक्काड जिल्ह्यातलं सायलेंट व्हॅली वाचलं ते सिंहपुच्छ माकडाच्या नावाने उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे. कुंतीपुझा नदीवरचं धरण रद्द झालं आणि 1984 साली ते राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. आज पर्यटकाला वनखात्याच्या गाडीने सैरंध्रीपर्यंतच नेतात, त्यापुढचं रान बंद. तसंच असायला हवं.

या मोसमाचे दोन धोके आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. एक माकडताप. 1957 साली शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो आणि पालापाचोळ्यात बारीक गोचिड्यांचा सुकाळ असतो तो याच कोरड्या महिन्यांत, साधारण डिसेंबर ते मे. 2015 मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि पुढच्या वर्षी सिंधुदुर्गात दोडामार्गकडे तो पोहोचला. काजूच्या बागेत राबणाऱ्या माणसांना त्याचा पहिला फटका बसला. तेव्हा या पट्ट्यात चालताना अंगभर कपडे, विजारीचे पाय मोज्यांत खोचलेले, पाचोळ्यावर बसकण मारायची नाही, आणि मेलेलं माकड दिसलं तर लांब राहून वनखात्याला कळवायचं. संध्याकाळी मुक्कामी आल्यावर अंग तपासायचं, कपडे गरम पाण्यात टाकायचे. जळूच्या भीतीने पावसाळा टाळून उन्हाळ्यात येणाऱ्यांना मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं. जळू थोडं रक्त पिऊन सुटते. गोचिडीचं तसं नाही.

दुसरा धोका वणव्याचा. घनदाट सदाहरित रान सहसा पेटत नाही, आतली हवाच दमट असते. पेटतं ते माथ्यावरचं गवत, आणि आपल्या चढाईच्या वाटा नेमक्या त्याच गवतातून जातात. 11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर चालणाऱ्या तरुण-तरुणींना वणव्याने गाठलं आणि वीसहून अधिक जीव गेले. वाऱ्यावर स्वार झालेली आग चढावर माणसाहून कितीतरी वेगाने धावते. म्हणून उन्हाळ्यात एखादी गवताळ वाट वनखात्याने बंद ठेवली असेल, तर ओळखीपाळखीतून परवानगी काढायच्या भानगडीत पडू नये. त्या दिवसांत झाडांच्या सावलीतल्या वाटा धराव्यात. पाहण्यासारखं सगळं तिथेच असतं.

मग येतो वळीव. मला विचाराल तर वर्षावन पाहायचा सर्वांत देखणा काळ हा: वळवाच्या पहिल्या सरीपासून मृगाच्या पावसाला जोर चढेपर्यंतचे दोन-तीन आठवडे. केरळच्या डोंगरांत हा काळ एप्रिल-मे महिन्यांत येतो, आंबोलीत मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. केरळात त्या दिवसांत जांभळा बेडूक वर येतो. वर्षभर जमिनीखाली राहून वाळवी खाणारा, फुगलेल्या अंगाचा, टोकदार नाकाचा हा प्राणी पहिल्या पावसाला फक्त विणीसाठी बाहेर पडतो आणि काही दिवसांत पुन्हा मातीत जातो. एस. डी. बिजू आणि फ्रांकी बॉस्युट यांनी 2003 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नावात सह्याद्री घातला. त्याचे जवळचे नातलग हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर राहतात. भारताचा भूखंड आणि ती बेटं एकमेकांना जोडलेली होती, त्या काळापासूनचं हे घराणं आहे. मलयाळीत त्याला पाताळ तवळा म्हणतात. जूनच्या मध्याला गेलात तर तो तुम्हाला दिसणार नाही.

आंबोलीत अशीच घाई असते ती एका छोट्याशा भेकाची. अंगावर वाघासारखे पट्टे म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात टायगरिना आलं. 2009 साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. आंबोली परिसराबाहेर तो जगात कुठेही नाही आणि त्याचं अस्तित्व अत्यंत धोक्यात आहे. जांभ्याच्या सड्यावर पहिल्या पावसाने उथळ डबकी भरली की हे भेक एकदम मोठ्या संख्येने जमतात, अंडी घालतात आणि पांगतात. डबकं आटायच्या किंवा वाहून जायच्या आत पिल्लांना वाढायचं असतं, म्हणून सगळा कारभार झटपट. त्याच आठवड्यांत डबक्यावर झुकलेल्या फांदीवर मलबारी उडत्या बेडकाची मादी फेसाचं घरटं बांधते. खाली पाणी, वर फेस. पिल्लं थेट पाण्यात टपकतात. दगडांखाली, ओल्या मातीत देवगांडूळ असतं, पाय नसलेला उभयचर. हे सगळं रात्री घडतं, आणि आंबोलीतली वाटाड्याचं काम करणारी मुलं विजेरीच्या उजेडात ते दाखवतात. त्यांच्यापैकी कित्येकांनी बेडकांच्या आवाजावरून जात ओळखायची विद्या स्वतः जंगलात फिरून मिळवलेली आहे. जाणाऱ्याने त्यांना योग्य मोबदला द्यावा आणि साप हातात धरून दाखवायचा आग्रह करू नये.

आगुंबेचा नागराज याच्या जरा आधी कामाला लागलेला असतो. फेब्रुवारी-मार्चपासून नरांच्या कुस्त्या होतात, एप्रिलच्या सुमाराला मादी पाचोळा ओढून ढीग रचते. पानांचं घरटं बांधणारा हा जगातला एकमेव साप. अंडी उबतात त्या पाचोळ्याच्या उबेवर आणि पिल्लं भर पावसाळ्यात बाहेर येतात. रॉम्युलस व्हिटेकर यांनी 2005 साली आगुंबेत उभारलेल्या संशोधन केंद्रातून या सापाच्या शरीरात रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्याचा माग काढण्याचं काम झालं. सह्याद्रीतला नागराज ही स्वतंत्र जात आहे, हे 2024 साली मान्य झालं आणि तिला मिळालेलं नावही इथलंच आहे: कालिंग. गावाजवळ घरटं सापडलं तर लोक जागा सोडून देतात, पिल्लं निघेपर्यंत तिकडे फिरकत नाहीत. असं घरटं 'बघायला' जायचं नसतं.

तारखेवर मात्र विसंबू नये. मान्सून केरळात 1 जूनला आणि मुंबईत 11 जूनला पोहोचतो, ही सरासरी झाली. 2025 साली तो केरळात 24 मेला आला आणि 26 मेला मुंबईत हजर होता. बेडूक हवामानखात्याचं वेळापत्रक वाचत नाहीत, ते पाऊस ऐकतात. त्यामुळे महिनाभर आधी सुट्टी टाकून ठेवण्यापेक्षा आंबोलीतल्या वाटाड्याचा नंबर घेऊन ठेवावा आणि त्याचा निरोप आला की निघावं.

आता जुलै. महाराष्ट्रातली बहुसंख्य माणसं वर्षावन पाहतात ते याच महिन्यात, शनिवार-रविवारी, धबधब्याखाली. जंगलाचं सौंदर्य त्या वेळी कमी असतं असं मुळीच नाही. झाडांचे बुंधे शेवाळाने, नेच्यांनी, आमरींनी झाकले जातात. भीमाशंकरला काळोख्या रात्री कुजक्या फांद्यांवरची बुरशी हिरवट उजेड देते. पण धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही, पक्षी गप्प असतात आणि घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असते. रात्री रस्ता ओलांडणारे बेडूक त्या चाकांखाली जातात. सकाळी रस्त्यावर चिकटलेली त्यांची शरीरं पाहिली की घाटात रात्री वाहनं रोखायला हवीत असं मला फार वाटतं. जुलैत जायचंच असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी जावं, गाडी मुक्कामी ठेवावी आणि चालावं.

आणि जीव सांभाळावा. माळीण गेलं ते 30 जुलै 2014 रोजी. भीमाशंकरच्या शेजारचं ते गाव, दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. इर्शाळवाडीवर दरड आली 19 जुलै 2023 च्या रात्री. वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला उद्ध्वस्त झाले 30 जुलै 2024 रोजी, शेकडो मृत्यू झाले. तारखा जवळजवळच्या आहेत याला कारण आहे. जूनभरात माती पाणी पिऊन तृप्त होते, आणि मग जुलैअखेर सलग दोन-तीन दिवस धोधो बरसलं की तिच्यात आणखी पाणी मावत नाही आणि उतारच सुटतो. वायनाडला त्याआधीच्या दोन दिवसांत पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. म्हणून निघण्याआधी उद्याचा अंदाज पाहणं पुरत नाही, मागच्या तीन दिवसांत किती पडला तेही पाहावं. ओढ्याचंही तसंच. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी माथ्यावर पाऊस सुरू असू शकतो. स्वच्छ पाणी गढूळ झालं, त्यातून पानं-काटक्या वाहू लागल्या, की सामान तिथेच टाकून वर चढायचं. 2023 च्या जुलैत गोव्याच्या वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. मला ती योग्य वाटली. कोयनेच्या काठावरचा वासोटाही पावसाळ्यात बंद असतो. त्या चार महिन्यांत जंगलाला माणसांपासून मिळणारी सुट्टी, हाही त्या बंदीचा लाभ आहे.

ऑगस्ट-सप्टेंबर हा फुलांचा काळ, पण ती सड्यांवरची आणि माथ्यावरच्या गवताळ भागांतली, दाट रानातली नव्हेत. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी मुन्नारच्या बाजूला 2018 मध्ये येऊन गेली, आता 2030.

हा अंक हाती पडेल तेव्हा दिवाळीची सुट्टी असेल आणि बेत ठरत असतील. तर या घडीचं सांगते. मुंबईतून मान्सून माघारी फिरायची सरासरी तारीख पूर्वी सप्टेंबरअखेरची होती, 2020 पासून हवामानखात्याने ती 8 ऑक्टोबर केली. म्हणजे दिवाळीत उत्तरेकडचं जंगल नुकतंच निथळून बसलेलं असतं. ओढ्यांना पाणी आहे आणि ते नितळ आहे, वाटांवर कारवीचं रान वाढलंय, जळवा ओसरल्यात, गोचिड्यांचा भर अजून यायचाय. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी जा. तिथल्या कुंडात 2020 साली नव्याने वर्णन झालेला छोटा मासा आहे, त्याच्यासाठी 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाली. तेव्हा पाण्यात उतरू नका, निर्माल्य टाकू नका. वाट वाकडी करून दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याची राई पाहा. रानटी जायफळाची झाडं तिथे दलदलीत उभी आहेत आणि श्वास घेण्यासाठी त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर आलेली आहेत. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई तशीच. या देवराया आहेत. गावकऱ्यांना विचारून, चपला बाहेर ठेवून, मळलेली वाट न सोडता आत जावं. मुळांवर पाय पडला तर ती मोडतात. आगुंबेही या दिवसांत उत्तम, नोव्हेंबरपासून तिथून सूर्यास्त स्वच्छ दिसू लागतो.

पालक्काडच्या खिंडीच्या दक्षिणेला मात्र दिवाळीत जाऊ नये. तिथे ईशान्य मान्सूनचा मोसम असतो. सकाळ लख्ख उजाडते आणि दुपारी विजांसह पाऊस येतो. माथ्यावरच्या उघड्या वाटेवर विजेपासून आडोसा नसतो. दक्षिणेसाठी जानेवारीची वाट पाहावी. 1,868 मीटर उंचीचं अगस्त्यकूडम चढायची परवानगी केरळचं वनखातं देतं तीही जानेवारीच्या मध्यापासून पुढचे काही आठवडेच, कारण वर सांगितलेले ते दोन-तीन कोरडे महिने तेव्हाच येतात. 2019 सालापर्यंत स्त्रियांना या वाटेवर बंदी होती. न्यायालयाच्या निकालानंतर त्या वर्षीच्या जानेवारीत के. धन्या सनल या पहिल्यांदा शिखरावर गेल्या. दिवसाला ठरावीक माणसं सोडतात, बोनक्काडहून निघायचं, वाटेत मुक्काम, आणि सोबत काणी आदिवासी वाटाड्या. नोंदणी ऑनलाइन असते आणि जागा भराभर संपतात, तेव्हा नाताळ झाला की वनखात्याच्या घोषणेवर लक्ष ठेवावं.